चिखलात खेळू द्या: एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी जागा, माती, पाणी आणि नंतरची धुलाई

दुडूदुडू चालणारं मूल डबक्याकडे निघालं की मोठ्यांच्या तोंडून आधी ‘शी!’ बाहेर पडतं आणि पाठोपाठ हात पुढे होतो. मूल थबकतं, चेहऱ्याकडे बघतं आणि खेळ तिथेच मोडतो. हे टाळायचं तर मोठ्यांनी आपली काळजी खेळ सुरू होण्याआधी खर्च करायला हवी: जागा बघण्यात, माती तपासण्यात, पाणी मोजून ठेवण्यात. ते काम नीट झालं असेल तर खेळाच्या वेळी हात मागे आणि तोंड बंद ठेवणं जमतं. पुढची माहिती याच क्रमाने दिली आहे. जागा आणि माती यांवर जास्त लिहिलं आहे, कारण खरे धोके तिथेच लपलेले असतात. अंगाला लागलेला चिखल धुतला की जातो.

एवढा खटाटोप कशासाठी

ब्रिटिश चित्रकार-शिल्पकार सायमन निकोल्सन यांनी १९७१ मध्ये ‘सुट्या वस्तूं’ची कल्पना मांडली. आजूबाजूला हलवता, जोडता, मोडता, बदलता येण्याजोग्या गोष्टी जितक्या जास्त, तितका मुलांच्या शोधक बुद्धीला वाव जास्त, असं तिचं सार. चिखलाइतकी बदलणारी वस्तू दुसरी सापडणं कठीण. मूठभर माती पाण्याने सैल होते, उन्हाने कडक होते, दाबली की आकार धरते, ओतली की पसरते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला नेमकं हेच हवं असतं: भरायचं, ओतायचं, झाकायचं, परत उकरायचं. तेच ते पंधरा वेळा करणं हा त्याचा अभ्यास असतो.

आरोग्याच्या फायद्यांबद्दल मात्र मोजून बोललेलं बरं. फिनलंडमध्ये पाळणाघरांतल्या ३ ते ५ वर्षांच्या ७५ मुलांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काही पाळणाघरांच्या ओसाड अंगणांत जंगलातली जमीन आणि हिरवळ आणून अंथरली. २८ दिवसांत तिथल्या मुलांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि रक्तातल्या प्रतिकारशक्तीशी संबंधित काही घटकांमध्ये अनुकूल बदल दिसले. मुलं पुढे कमी आजारी पडतात का, हे त्यात मोजलेलं नव्हतं. शिवाय ती माती निरोगी जंगलातली होती. ‘मातीत खेळलं की प्रतिकारशक्ती वाढते’ असं म्हणत गटाराकाठच्या चिखलात मूल सोडणं, हा त्या अभ्यासाचा अर्थ नाही.

जागा: गुडघ्यांवर बसून बघा

उभ्याने बघितलं तर झुडपाखालची फुटकी काच, कुंपणाच्या तारेचं वाकलेलं टोक, फळीतून बाहेर आलेला खिळा दिसत नाही. मुलाच्या उंचीवर या, दोन्ही हातांनी गवत बाजूला करा, वरची दोन-तीन इंच माती खुरप्याने उलटून बघा. एका मुलासाठी साधारण दीड मीटर लांब-रुंद जागा पुरते. दोन मुलं असतील तर दुप्पट घ्या, नाहीतर खोऱ्याचा दांडा शेजारच्याच्या डोक्यावर बसतो.

पुढच्या जागा सरळ बाद करा.

जुन्या इमारतीच्या भिंतीलगतची पट्टी. पूर्वीच्या अनेक रंगांत शिसं असायचं. रंगाचे पापुद्रे गळत राहतात आणि शिसं भिंतीच्या पायथ्याच्या मातीत साठत जातं. ते कुजत नाही, विरत नाही. वर्दळीच्या रस्त्याची कड, गॅरेजची मागची बाजू, जुन्या बॅटऱ्या फोडल्या जातात किंवा भंगार जाळलं जातं अशी ठिकाणं यातच आली. मुलांसाठी शिशाचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण आढळलेलं नाही, आणि या वयाचं मूल दिवसभर हात तोंडात घालत असतं. जमिनीच्या इतिहासाबद्दल शंका असेल तर मातीचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. ते शक्य नसेल तर ती जमीन वापरूच नका. स्वच्छ ठिकाणची माती आणून टबात खेळू द्या.

माणसांची किंवा जनावरांची विष्ठा पडते अशी जमीन. अंकुशकृमीच्या अळ्या उघड्या पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात. गोलकृमीची अंडी मातीतून हाताला आणि हातातून तोंडात जातात. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतही जंतांची अंडी असतात. यातली बरीचशी अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडल्यावर दोन-तीन आठवड्यांनी संसर्गक्षम होतात, म्हणजे वरची विष्ठा दिसेनाशी झाली तरी माती धोक्याचीच राहते. मांजरांना भुसभुशीत, कोरडी माती फार आवडते. म्हणून खेळासाठी केलेला मातीचा खड्डा झाकून ठेवणं ही रोजची सवय हवी.

पावसाचं पाणी उताराने येऊन साचतं ती खोलगट जागा. आपल्याच अंगणातल्या स्वच्छ मातीवर नुकत्या पडलेल्या पावसाचं डबकं ठीक आहे. रस्त्यावरून, नाल्यावरून वाहत आलेलं पाणी ठीक नाही. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस अशाच पाण्यातून, त्वचेवरच्या बारीकशा जखमेतूनही होतो.

तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेला भाग. विटांची रास, लाकडांचा किंवा पालापाचोळ्याचा जुना ढीग, कारण साप-विंचू तिथे दडतात. आणि मुंग्यांचं वारूळ. मुंग्या पाच मिनिटं एका जागी बसून बघितल्याशिवाय कळत नाहीत, म्हणून खरंच बसून बघा.

झाडांकडेही लक्ष द्या. कण्हेर, बिट्टी, धोतरा, एरंड आणि गुंज यांपैकी काहीही हाताच्या अंतरावर नको. गुंजेच्या आणि एरंडाच्या बिया देखण्या असतात, चिखलाच्या गोळ्यावर टोचायला मुलांना हव्याच असतात, आणि चावल्या गेल्या तर जिवावर बेततं. ‘हे खायचं नाही’ ही सूचना दीड वर्षाच्या मुलाच्या लक्षात राहील, यावर विसंबू नका.

आता पायाखालचं. चिखलाच्या जागेला लागून गुळगुळीत फरशी किंवा सिमेंट असेल तर सगळ्यात जास्त पडझड तिथेच होते. खड्ड्यात मूल पडतं ते मऊ मातीवर. चिखलाने माखलेल्या तळव्यांनी फरशीवर धावत जातं तेव्हा डोकं आपटतं. खड्डा आणि फरशी यांच्यामध्ये निदान दोन मीटर गवत किंवा खरबरीत जमीन ठेवा. नाहीच जमलं तर जुनी गोणपाटं ओली करून अंथरा. कोरडं गोणपाट सरकतं, ओलं झालं की जमिनीला धरून राहतं.

माती: बरणीत हलवून बघा

एका पारदर्शक बरणीचा तिसरा हिस्सा मातीने भरा, वर पाणी घाला, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर टाकून झाकण लावा आणि दोन-तीन मिनिटं जोरात हलवा. खाली ठेवल्यावर मिनिटभरात वाळू बसते, त्यावर काही तासांत गाळ बसतो, आणि चिकणमातीचा थर बसायला एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. थर बघितले की कळतं काय करायचं. चिकणमातीचा थर अर्ध्याहून जाड असेल तर चिखल बुटांना, बोटांना गच्च चिकटेल; लहान मुलाचा पाय त्यात रुततो आणि बूट आतच राहतो. अशा मातीच्या तीन भागांना एक भाग वाळू मिसळा. जवळपास सगळी वाळूच असेल तर आकार टिकत नाही. तिथे तीन भाग वाळूला एक भाग चिकणमाती पुरते.

वाळू धुतलेली हवी. बांधकामाच्या ढिगातली उचलू नका, तिच्यात सिमेंट मिसळलेलं असू शकतं. ओलं सिमेंट कातडीला भाजतं, आणि ते लगेच कळत नाही, काही तासांनी कळतं. खडी फोडताना निघणारी भुकटीही नको. तिची धूळ फुप्फुसांना वाईट.

कुंड्यांसाठी पिशवीत मिळणारं तयार मिश्रण अनेकांना स्वच्छ वाटतं. मुलांच्या खेळासाठी ते योग्य नाही. त्यात खतं असतात, हलके पांढरे दाणे असतात आणि अशा मिश्रणांत लिजिओनेला गटातला एक जिवाणू सापडतो, जो धुळीबरोबर श्वासातून जातो. साधी, खत न घातलेली माती घ्या. ताजं शेणखत घातलेली अजिबात नको.

माती अर्धा सेंटिमीटर भोकांच्या चाळणीतून चाळा. काचा, खिळे, अणकुचीदार खडे निघून जातात. मग झारीने हलकं पाणी शिंपडून ठेवा, म्हणजे खेळताना धूळ उडत नाही.

खड्डा करायचा असेल तर १.२ मीटर लांब-रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल एवढा पुरतो. त्याला १५ लिटरच्या साधारण १४-१५ बादल्या माती लागते. याहून खोल केल्याने खेळात भर पडत नाही, पाणी मात्र साचतं. तळाशी प्लास्टिकचा कागद घालू नका. पाणी मुरत नाही आणि दोन-तीन दिवसांत सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. अंगण नसेल तर ४०-५० लिटरचा पसरट टब घ्या, त्यात १२ लिटर माती. गच्चीत किंवा गॅलरीत हे चालतं, पण टब कठड्यापासून लांब ठेवा. पालथा टब म्हणजे मुलासाठी चढायची पायरी.

किती पाणी

मूठ वळेल आणि साचा पडेल असा चिखल हवा असेल तर चार मग कोरड्या मातीला एक मग पाणी. ओतता येईल असा सैल हवा असेल तर दोन मगांना एक. माती आधीच ओलसर असेल तर यापेक्षा कमीच लागेल. पण पहिल्याच दिवशी मोठ्यांनी कालवून तयार चिखल समोर ठेवू नये. कोरडी माती एकीकडे, पाणी दुसरीकडे ठेवा. माती काळी पडते, ढेकूळ विरतं, पाणी नाहीसं होतं, हे बघणं हाच खेळाचा अर्धा भाग आहे. तो आपण उरकून टाकला तर मुलाच्या वाट्याला फक्त मळणं उरतं.

पाण्याबाबत एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवा: लहान मूल दोन-तीन इंच पाण्यातही बुडू शकतं. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं. उंच बादलीत वाकलेलं मूल तोल जाऊन उलटं पडलं तर त्याला स्वतःला वर येता येत नाही, आणि हे आवाज न होता घडतं. म्हणून भरलेली बादली मुलाच्या आवाक्यात ठेवायची नाही. पसरट परातीत तीन-चार सेंटिमीटर पाणी द्या, संपलं की परत घाला. दिवसभरात दहा वेळा घालावं लागलं तरी चालेल. पाणी बाहेर आहे तोवर एक मोठं माणूस हात पोचेल इतक्या अंतरावर हवंच, मोबाइल बाजूला ठेवून. फोन आला, दाराची घंटी वाजली तर मूल कडेवर घेऊनच उठायचं. दोन मोठी माणसं असतील तर ‘आता लक्ष तुझ्याकडे’ असं तोंडाने बोलून जबाबदारी सोपवा. नाहीतर दोघांनाही वाटतं की दुसऱ्याचं लक्ष आहे.

रबरी पाइप उन्हात पडलेला असेल तर त्यातलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. ते आधी बाजूला सोडा, मनगटावर धार घेऊन बघा आणि मगच मुलाजवळ न्या.

हाताशी काय ठेवावं

कमी. जुनी पळी, एक वाडगा, गाळणं, नरसाळं, छोटं घमेलं, मऊ ब्रश. एका वेळी चार-पाच वस्तू पुरेत. ढीग समोर ओतला तर मूल प्रत्येक वस्तू उचलून टाकत राहतं आणि कशातच रमत नाही. दोन मुलं असतील तर एकच सुंदर लाल खोरं आणण्यापेक्षा सारखी दोन साधी आणा, भांडणं निम्म्याने कमी होतात.

काच आणि चिनीमातीची भांडी नकोत, कडा कापणारे पत्र्याचे डबेही नकोत. खडे, शंख, बिया द्यायच्या असतील तर त्या मुलाच्या मुठीहून मोठ्या हव्यात. तीन वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावणारी कोणतीही वस्तू घशात अडकण्याजोगी मानतात. पाण्यात फुगणारे जेलीसारखे मणी चिखलात घालू नका; गिळले तर ते आतड्यात फुगतात.

कपडे आणि पाय

जुने, सुती, थोडे सैल. गळ्यात दोरी, नाडी, माळ काही नको. डायपर चिखलाचं पाणी शोषून जड होतो, मांड्यांना घासतो, पुरळ येतं. शक्य असेल तर फक्त सुती चड्डी घाला. डायपर ठेवायचाच तर आधी झिंक ऑक्साइडचं मलम किंवा पेट्रोलियम जेली लावा आणि खेळ संपताच बदला.

जमीन आपली, तपासलेली आणि झाकून ठेवलेली असेल तर अनवाणी खेळू द्या. बोटं मातीत रोवून तोल सांभाळायला पायांना तिथेच शिकायला मिळतं. सार्वजनिक मैदानात बूट हवेत. गमबूट अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर मोकळे असावेत. ‘पुढच्या वर्षीही चालतील’ म्हणून दोन मापं मोठे घेतले तर मूल प्रत्येक पावलाला अडखळतं, आणि आपण खापर चिखलावर फोडतो.

गार हवेत एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ थर बरे, वर पाणी न शिरणारा अंगरखा. मुलाची मान आणि पाठ हाताने तपासा. हात गार लागले तरी पाठ उबदार असेल तर खेळू द्या. ओठ निळसर दिसले, हुडहुडी भरली, मूल अचानक गप्प झालं तर ताबडतोब आत न्या. सर्दी विषाणूंमुळे होते, चिखलाने नाही, हे घरातल्या मोठ्यांना शांतपणे सांगावं लागतं; पण ओल्या कपड्यांत तासभर ठेवू नये, हे त्यांचं म्हणणं बरोबर असतं. कडक उन्हात सकाळी १० नंतर आणि दुपारी ४ च्या आधी सावली नसेल तर बाहेर काढू नका. तापलेलं पत्र्याचं घमेलं किंवा प्लास्टिकची घसरगुंडी आधी हाताच्या मागच्या बाजूने तपासा.

पहिली काही मिनिटं

काही मुलं थेट बैठक मारतात. बरीचशी मारत नाहीत. हाताला चिकटलं म्हणून तळवे वर करून रडणारं मूल भित्रं किंवा नाजूक नसतं, त्याला ते लागणं खरोखरच जास्त जाणवत असतं. त्याचा हात धरून चिखलात बुडवू नका, गंमत म्हणूनही नाही. तसं केलं तर पुढचे काही आठवडे ते मातीजवळ फिरकत नाही.

अशा मुलाला पळीने सुरुवात करू द्या. कोरडी माती एका भांड्यातून दुसऱ्यात. मग मातीवर पाण्याची धार सोडणं. जवळच हात बुडवायला स्वच्छ पाण्याची छोटी वाटी आणि कोरडं फडकं ठेवा. हात कधीही स्वच्छ करता येतो हे कळलं की मूल पुन्हा पुन्हा घाण करायला तयार होतं. एक बोट, मग दोन, मग तळहात. याला चार दिवस लागतील किंवा महिना. तुम्ही स्वतः शेजारी बसून चिखल कालवा, पण ‘बघ, किती मज्जा!’ असा गजर न करता.

पहिल्या दिवशी वीस मिनिटं ठरवा. रांगणारं, नुकतं उभं राहणारं मूल तेवढ्यात दमतं. दोन वर्षांनंतर पाऊण तास सहज रंगतो. भूक लागायच्या किंवा झोपेच्या वेळेला खेळ सुरू केला तर पाच मिनिटांत रडारड होणार.

काय बोलावं, कधी गप्प बसावं

‘शी’, ‘घाण’, ‘कपडे खराब झाले’ हे तिन्ही शब्द त्या दिवसापुरते बाजूला ठेवा. चेहराही सांभाळा, मुलं शब्दांआधी नाक मुरडलेलं वाचतात. ‘पडशील!’ या ओरडण्याने मूल दचकतं, तुमच्याकडे वळून बघतं आणि म्हणूनच पडतं. त्याऐवजी करता येण्याजोगं सांगा: ‘इथे निसरडं आहे, पाय हळू टाक’, ‘हाताने कड धर’, ‘आता पाय कुठे ठेवशील?’ प्रौढाच्या गुडघ्याएवढ्या उंचीच्या मातीच्या ढिगावर मूल स्वतःहून चढलं असेल तर चढू द्या. उचलून वर ठेवू नका. जिथे स्वतः चढता येत नाही, तिथून स्वतः उतरताही येत नाही.

बाकी वेळ गप्प. ‘हे काय केलंस? डोंगर का? कोणता रंग?’ अशी प्रश्नांची सरबत्ती मुलाला कामातून बाहेर खेचते. मूल स्वतः दाखवायला आलं की बोला, आणि तेव्हा आपल्या भाषेचा खजिना उघडा: लिबलिबीत, भुसभुशीत, खरबरीत, गुळगुळीत, गच्च, ओलसर, चिकट. चिखलात पाय काढताना होणारी पचपच, पाण्यात खडा पडल्याचं डुबुक. हातात ती गोष्ट असताना ऐकलेला शब्द मुलाला आपसूक उमगतो.

लगेच थांबवायचं कशासाठी? चिखल दुसऱ्याच्या डोळ्यांवर फेकणं, काठी घेऊन धावणं, तोंडात वस्तू घालणं, फरशीवर पळणं. फेकायची हौस असेल तर भिंतीचा एक तुकडा किंवा झाडाचं खोड नेमून द्या: ‘माणसावर नाही, इथे फेक.’ ऊर्मी तीच, दिशा वेगळी. नुसतं ‘फेकू नकोस’ म्हटलं तर मिनिटभरात पुन्हा फेकलं जातं.

तोंडात, डोळ्यात, नाकात

चिमूटभर स्वच्छ माती तोंडात गेली तर बोटाने काढा, चूळ भरता येत नसेल तर ओल्या फडक्याने पुसा, प्यायला पाणी द्या. आरडाओरडा केला तर तोच एक खेळ होतो. दीड-दोन वर्षांपर्यंत तोंडाने चाखून बघणं स्वाभाविक आहे. दोन वर्षांनंतरही मूल महिनाभर सतत माती, खडू, भिंतीचे पापुद्रे खात असेल तर डॉक्टरांना दाखवा. त्यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता असते. गोगलगाय तोंडात जाणार नाही याची मात्र खास काळजी घ्या, तिच्यात मेंदूपर्यंत पोचणारे परजीवी असू शकतात.

डोळ्यात चिखल गेला तर मुलाचे हात आधी धरा, चोळू देऊ नका. कोमट स्वच्छ पाण्याची हलकी धार नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला काही मिनिटं सोडा. त्यानंतरही डोळा उघडत नसेल, लाल राहत असेल किंवा उजेड सहन होत नसेल तर डॉक्टरांकडे न्या. नाकात-कानात खडा गेला तर चिमट्याने, काडीने काढायला जाऊ नका, तो आत सरकतो.

खरचटलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवा. धनुर्वाताचे जिवाणू मातीत असतातच, म्हणून वयानुसार लसीचे डोस पूर्ण आहेत का हे खेळ सुरू करण्याआधी कार्डावर बघून घ्या. खोल, टोचलेली किंवा माती आत राहिलेली जखम डॉक्टरांना दाखवायची. आधीच मोठी उघडी जखम असेल तर ती भरेपर्यंत खेळ पुढे ढकला. जंतांचा प्रादुर्भाव असलेल्या भागांत जागतिक आरोग्य संघटना बारा महिन्यांपासून पुढे ठरावीक काळाने जंतनाशक देण्याची शिफारस करते. डोस वयाप्रमाणे बदलतो, तो डॉक्टरच ठरवतील. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्या मुलाला मातीत सोडण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. इसब असलेलं मूल खेळू शकतं: आधी मॉइश्चरायझरचा जाड थर, नंतर लगेच धुऊन पुन्हा थर.

आवरताना

‘अजून पाच मिनिटं’ हे दोन वर्षांच्या मुलाला कळत नाही. ‘अजून तीन वाट्या ओत, मग पाय धुवायचे’ हे कळतं. तीनही मोजून ओतू द्या.

घरात शिरण्याआधी बाहेरच तीन टप्पे करा. पहिल्या पाण्यात नुसता चिखल सोडवायचा. ओतून सोडवा, घासू नका. मातीच्या कणांनी कोवळी कातडी खरवडते. दुसऱ्या टप्प्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ कोमट पाणी. मांड्यांच्या सांध्यात, कानामागे, बोटांच्या बेचक्यांत माती राहते. शूच्या जागी फक्त पाणी, पुढून मागे. हात साबणाने किमान २० सेकंद, नखांखाली मऊ ब्रश. चिखलाने माखलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही, त्यावर भागवू नका. धुणं उरकायची घाई नसेल तर हाही खेळच होतो. मुलाला स्वतःचे पाय आणि नंतर आपली पळी-वाटी धुऊ द्या.

कपड्यांवरचा चिखल ओला असताना चोळला तर तो धाग्यांत खोल शिरतो. पूर्ण वाळू द्या, झटका, ब्रशने खरवडा. मग उलट्या बाजूने गार पाण्याची धार सोडा, डागावर साबण लावून अर्धा तास भिजवा आणि मग नेहमीसारखे धुवा. डाग जाईपर्यंत गरम पाणी आणि इस्त्री टाळा.

चिखलाचं पाणी मोरीत किंवा बेसिनमध्ये ओतू नका. गाळ नळीत बसतो आणि तुंबतं. बादलीत रात्रभर ठेवा, पण मुलाचा हात पोचणार नाही अशा बंद दाराआड. सकाळी वरचं पाणी झाडांना घाला, तळची माती पुन्हा खड्ड्यात टाका.

खड्डा लगेच झाकू नका. दंताळ्याने उलटून वरचं पाणी मुरू द्या, तोवर मांजर येणार नाही इतकं लक्ष ठेवा, मग बारीक जाळी ताणून चारही कडांना विटा ठेवा. महिन्यातून एकदा सगळी माती उलटून दोन-तीन दिवस ऊन दाखवा. वास येत असेल, चिवट हिरवा थर आला असेल किंवा विष्ठा सापडली असेल तर माती बदला. नुसता वरचा भाग काढून भागत नाही. टब, बादल्या, वाटी, झारी सगळं पालथं घालून ठेवा. पाणी भरलेलं उघड्यावर राहिलं तर आठवडा-दहा दिवसांत त्यातून डासांची नवी पिढी बाहेर पडते, आणि विसरलेल्या अर्ध्या बादलीशी मूल पुन्हा एकटंच जाऊ शकतं.